नाव लिहिलं तर नाव राहतं

आज आपण कागदांविषयी बोलणार आहोत. कागद कोण जपतं, कोणाचे जपतं आणि त्यातून बाईचं नाव कसं उरतं किंवा पुसलं जातं, त्याची ही गोष्ट आहे.

सुरुवात आपल्या ठाण्यातूनच करू. टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेलं ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ आहे. ते बेने इस्राएल समाजाचं. हा समाज कोकणातला आणि त्यांची बोली मराठी. पूर्वी अलिबागकडच्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची प्रार्थनेची भाषा मात्र हिब्रू.

ज्यू धर्मात एक जुनी चाल आहे. ज्या कागदावर देवाचं नाव आहे तो फाटला, जीर्ण झाला तरी कचऱ्यात टाकायचा नाही. तो एका जागी साठवायचा किंवा जमिनीत पुरायचा. त्या साठवणीच्या जागेला 'गेनिझा' म्हणतात. आपणही जुनी पोथी केरात टाकत नाही, खाडीत विसर्जन करतो. भावना तीच आहे. फरक एवढाच, की आपली पोथी पाण्यात विरघळून जाते आणि त्यांचा कागद मागे राहतो.

इजिप्तमधल्या जुन्या कैरोत बेन एझ्रा नावाचं असंच एक प्रार्थनास्थळ आहे. तिथल्या एका खोलीला दार नव्हतं, फक्त उंचावर एक भोक होतं. शिडी लावून त्यातून कागद आत टाकायचे. शेकडो वर्षं लोक टाकत राहिले. पोथ्यांबरोबर पत्रं, हिशेब, लग्नाचे करार, मुलांच्या अक्षर गिरवण्याच्या वह्या, सगळंच त्यात गेलं. हवा कोरडी, म्हणून कागद टिकले.

१८९६ साली ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणी प्रवासातून काही जुनी पानं विकत घेऊन इंग्लंडला परतल्या. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. केंब्रिज विद्यापीठ बायकांना पूर्ण पदवी १९४८ पर्यंत देतच नव्हतं. पण दोघींनी घरी बसून कितीतरी भाषा शिकल्या होत्या. पानं महत्त्वाची आहेत हे ओळखून त्यांनी ती सॉलोमन शेख्टर या पंडितांना दाखवली. त्यावरून शेख्टर कैरोला गेले आणि खोलीतले कागद केंब्रिजला घेऊन आले. आज तिथे जवळपास १ लाख ९० हजार तुकडे आहेत.

आता विचार करा, एवढ्या चिंध्यांचं काम कसं करायचं? धूळ झटकायची, घडी हलक्या हाताने उलगडायची, प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा. एका पानाचे दोन तुकडे दोन देशांत असले तर अक्षर जुळवून ते ओळखायचे. आणि पान उलटून पाहायचं, कारण मागच्या बाजूला वेगळंच काही निघतं.

त्या कागदांतून अब्राहाम बेन यिजू नावाचा व्यापारी पुढे आला. बाराव्या शतकात तो मंगळूरला राहिला, मिरी आणि धातूच्या भांड्यांचा व्यापार केला, आणि तो हिब्रूत कविताही करायचा. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर ताडपत्रावर लिहीत, म्हणून त्याचे मित्र एडनहून त्याला साखरेबरोबर कागद भेट पाठवत. कागद मौल्यवान, त्यामुळे आलेल्या पत्राच्या कोऱ्या जागेत तो हिशेबही लिही आणि कवितेचा कच्चा मसुदाही. एकाच कागदावर व्यापार आणि कविता!

त्याच कागदांत आशू नावाच्या इथल्याच एका बाईचा पत्ता लागतो. ११३२ साली त्याने तिला दासीपणातून मोकळं केलं, त्याचा लेख आहे. ती त्याची बायको झाली असं अभ्यासक मानतात. पण तिचं स्वतःचं म्हणणं त्या कागदांत कुठे नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या या बाईचं नाव उरलं, आवाज उरला नाही.

दुसऱ्या एका बाईचं उलट झालं. दहाव्या शतकात स्पेनमध्ये दुनाश बेन लाब्रात नावाचा मोठा हिब्रू कवी होता. कैरोच्या कागदांत एक सुंदर कविता सापडली. नवरा देश सोडून चालला आहे, बायकोच्या कडेवर मूल आहे, दोघं आठवण म्हणून दागिन्यांची अदलाबदल करतात. ही कविता कोणाची हे आधी कळलं नव्हतं. पुढे १९८० च्या दशकात कळलं, की ती लिहिणारी दुनाशची बायको. त्या काळातली हिब्रूत कविता करणारी तीच एक बाई आपल्याला ठाऊक आहे. पण तिचं नाव? ते कुठेच नाही. हजार वर्षांनी कविता हाती आली, पण कवयित्री 'अमक्याची बायको' म्हणूनच राहिली.

मैत्रिणींनो, हे आपल्यापासून लांब नाही. बेने इस्राएल बायकांनी धर्मातल्या कथा मराठी गाण्यांत गुंफल्या, वह्यांत उतरवल्या आणि इस्राएलला जाताना त्या सोबत नेल्या. त्या वह्या राहिल्या म्हणून गाणी राहिली. आपल्या आगरी-कोळी लग्नात धवलारीण रात्र रात्र धवले गाते. तिला ते तोंडपाठ असतात. तिच्या माघारी ते कोणाकडे? आणि कोणी लिहून घेतलेच, तर त्यावर तिचं नाव असेल का, की नुसतं 'गावातली म्हातारी'?

गटाच्या रजिस्टरात आपण प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहितो, कारण तिथे पैशाचा हिशेब असतो. गाण्याचाही हिशेब तसाच ठेवूया. प्रत्येक गटाने एक वही घालावी. गाणं लिहा, त्याखाली सांगणारीचं नाव, माहेर, गाव आणि तारीख लिहा. गाणं तिला विचारूनच लिहा आणि तिला वाचून दाखवा.

जुने कागद असतील तर गंजलेल्या टाचण्या काढा. चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग पडतो. लॅमिनेशन करू नका. खूण करायची तर पेन्सिलीने करा. गठ्ठा ज्या क्रमाने सापडला तो क्रम मोडू नका. सुती कापडात बांधून भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. आपल्याकडे खाडीची दमट हवा आहे, तेव्हा पावसाळा सरला की एकदा सावलीत वारा द्या.

कोणाचे कागद मोलाचे हे ज्याच्या त्याच्या काळात कळत नाही. ती कविता ज्याने जपली त्याने बाईचं नाव लिहिलं असतं, तर आज आपण तिला नावाने हाक मारली असती. आपल्या धवलारणीचं नाव लिहायला अजून वेळ आहे. या महिन्याच्या बैठकीत पहिलं पान भरा, आणि काय लिहिलंत ते आम्हाला कळवा.