पेल्सार्टचा आग्र्याचा अहवाल व ‘बटाविया’ जहाजाचा घात

मोगलकालीन अर्थव्यवहाराच्या अभ्यासकांस फ्रान्सिस्को पेल्सार्ट हें नांव अपरिचित नाहीं. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या आग्रा येथील वखारींत सुमारें सहा वर्षें काढून त्यानें १६२६ च्या सुमारास एक अहवाल लिहिला. मोरलंड व गील यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९२५ सालीं प्रसिद्ध झालें. अहवालाचा मुख्य रोख बयाण्याच्या निळीवर. तथापि उमरावांच्या वाड्यांबरोबरच, सायंकाळीं खिचडीवर भागविणारा व अंथरूण अपुरें म्हणून थंडींत दाराशीं गोवऱ्या पेटविणारा कारागीरही त्याच्या नजरेंतून सुटला नाहीं. मोगल वैभवाचें खरें मोजमाप करणारा साक्षीदार म्हणून आपण त्यास मानतों, तें यामुळेंच.

परंतु हीच मोजपट्टी साक्षीदाराच्या स्वतःच्या राष्ट्रास लावून पाहण्याचें आपल्या मनांत क्वचितच येतें. तिचें साधन त्यानेंच ठेविलें आहे. तें म्हणजे ‘बटाविया’ जहाजाच्या घाताची त्याची रोजनिशी.

१६०२ मध्यें सुमारें ६४ लक्ष गिल्डरांच्या भांडवलावर उभी राहिलेली ही कंपनी डच राष्ट्राच्या भरभराटीचा मुकुटमणि समजली जाते. पूर्वेकडे विकण्याजोगा माल युरोपांत थोडा, म्हणून जहाजें रुपें भरून निघत. वेळ वाचावा म्हणून केप सोडल्यावर पश्चिमी वाऱ्यांवर थेट पूर्वेस जावयाचें व मग उत्तरेस वळावयाचें, असा मार्ग ब्राउवरनें १६११ मध्यें दाखविला आणि पुढें कंपनीनें तोच बंधनकारक केला. यांत मेख अशी, कीं अक्षांश मोजतां येत, पण समुद्रावर रेखांश मोजण्याचें साधन नव्हतें. वळण घेण्यास उशीर झाला तर पुढें ऑस्ट्रेलियाचे खडक.

सुमारें ३४० माणसें व रुप्याच्या १२ पेट्या घेऊन ऑक्टोबर १६२८ मध्यें निघालेलें ‘बटाविया’ ४ जून १६२९ च्या पहांटेपूर्वीं हाउटमन आब्रोल्हस बेटांच्या खडकांवर आदळलें. सुमारें ४० बुडाले. बेटांवर पाणी नाहीं असें पाहून पेल्सार्ट, तांडेल व इतर मिळून ४८ जण उघड्या होडींतून निघाले. त्यांत दोन स्त्रिया व एक तान्हें मूल होतें. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरही पुरेसें पाणी मिळेना. ३३ दिवसांनीं ते जाव्हांतील बटाविया बंदरीं पोंचले, व एकही दगावला नाहीं. दर्यावर्दीपणाचें हें विलक्षण उदाहरण खरें; परंतु मागें अडीचशें माणसें टाकून तें घडलें, हें विसरतां कामा नये. पेल्सार्ट ‘सारडाम’ घेऊन १७ सप्टेंबरास परतला तों जेरोनिमस कॉर्नेलिझ व त्याचे साथीदार यांनीं शंभराहून अधिक माणसें, स्त्रियामुलांसह, कापलीं होतीं. कॉर्नेलिझला २ ऑक्टोबरास फांशी दिलें. रुप्याच्या १२ पेट्यांपैकीं १० पाण्यांतून काढल्या गेल्या.

(कौटिल्यानें नावध्यक्षास सांगितलें आहे, कीं वादळानें पिटाळलेल्या नौकेवर पित्याप्रमाणें अनुग्रह करावा, व भिजलेल्या मालावरील शुल्क माफ किंवा अर्धें करावें. हा नियम कितपत पाळला गेला हा प्रश्न निराळा. पण बुडालेल्या नौकेचा हिशेब केवळ मालाचा नव्हे, इतकें शास्त्रकारास ठाऊक होतें.)

हा एकच घात म्हणून सोडून देतां आला असता. पण कंपनीच्या सुमारें दोनशें वर्षांत जवळजवळ १० लक्ष माणसें युरोपांतून पूर्वेकडे निघालीं आणि परतणारीं त्यांच्या निम्म्याहून पुष्कळच कमी. सर्वच मेलीं असें नव्हे, कांहीं तिकडेच स्थायिक झालीं; तरी ताप, रक्तपिती व समुद्र यांचा वांटा मोठा आहे. जायफळाची मक्तेदारी १६२१ मध्यें बांदा बेटांची बहुतेक वस्ती नाहींशी करून मिळविलेली, हें निराळेंच. लाभांशाच्या वह्या जपून ठेवणाऱ्या राष्ट्रास हे आंकडेही ठाऊक होते. ते त्याच दप्तरांतून निघाले आहेत. आपण संग्राहकही पुष्कळदां जमेची वही बांधून घेतों व खर्चाची रद्दींत सोडतों. मीही तसें केलें आहे.

पेल्सार्ट सप्टेंबर १६३० मध्यें वारला. जहांगीराच्या दरबारीं विकण्याच्या आशेनें या जहाजावर चढविलेलें रोमन कोरीव रत्न आज लायडनच्या संग्रहालयांत आहे. जहाज निघण्यापूर्वींच, १६२७ मध्यें, जहांगीर मरण पावला होता. बटाविया किल्ल्याच्या कमानीचे १३७ घडीव दगड जहाजाच्या तळाशीं सांपडले व ती कमान आतां ऑस्ट्रेलियांत जेराल्डटन येथें उभी केली आहे. किल्ला १८०९ मध्यें पाडला गेला.