सळ आणि दासोज

बेलूरच्या चेन्नकेशव मंदिराच्या दाराशी सिंहाशी झुंजणारा सळ कोरलेला आहे. 'होय् सळ', म्हणजे 'मार, सळा', असे सुदत्त मुनी ओरडले आणि त्यावरून घराण्यास होयसळ नाव पडले, अशी दंतकथा आहे. सळ खरोखर होऊन गेला काय, याविषयी पंडितांत वाद आहे. विष्णुवर्धन राजाने १११७ साली हे मंदिर उभारले, त्याच्या दारी कुळाची थोरवी हवीच! पण त्याच देवळातील मदनिकांखाली बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांनी आपली नावे कोरली आहेत. आमच्या गिरण्यांतील कापडावर छाप कंपनीचा असे. विणणाऱ्याचे नाव कोठे नसे. पुढे मल्लितम्म नावाच्या कारागिराने तर सोमनाथपूरच्या मूर्तींखालीही सही केली आहे.