पायीं लढणाऱ्यांचीं नांवें

बुद्धिबळाचा पट मांडला म्हणजे पुढच्या रांगेंत आठ प्यादीं उभीं राहतात. 'प्यादा' हा मूळ फारशी शब्द. अर्थ इतकाच कीं पायीं चालणारा. पोर्तुगीजांच्या भाषेंतही पायदळाचा शिपाई आणि पटावरील प्यादें यांस एकच शब्द आहे. त्यांच्याच मार्फत तो हिंदुस्थानांतील इंग्रजांकडे गेला आणि कचेरीच्या दाराशीं बसणारा 'प्यून' झाला. आपण तर त्यास सरळ शिपाईच म्हणतों! वर्गांत हें सांगितलें कीं मुलें दाराबाहेरच्या शिपायाकडे पाहून हसत. मला तें रुचत नसे.

स्वाराचा तोरा निराळा. स्वतःचा घोडा असला तर तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसला तर बारगीर. पायींच्या माणसाजवळ पायांवांचून सांगण्यासारखें काय होतें? तरी मराठीनें त्याची उपेक्षा केली असें म्हणवत नाहीं. 'पाईक' हा शब्दही पायावरूनच निघालेला. पण तुकोबांनीं पाईकीवर अभंग रचले आणि धन्यासाठीं जीव देणाऱ्या त्या साध्या माणसास भक्ताच्या पंक्तीस बसविलें. मावळा आणि हेटकरी यांस तर त्यांच्या मुलखानेंच नांव दिलें. एक सह्याद्रीच्या खोऱ्यांतला, दुसरा तळकोंकणांतला, नेमबाजींत नांवाजलेला.

विलायतेंतील 'टॉमी'चा जन्म मात्र कागदावर झाला. १८१५ सालीं तेथील युद्धखात्यानें नमुन्याच्या कागदांत शिपायाच्या नांवाच्या जागीं 'थॉमस ॲटकिन्स' असें घातलें, आणि तें नांव साऱ्या फौजेस चिकटलें. फ्रेंचांचा 'प्वालू' म्हणजे केसाळ. पहिल्या महायुद्धांत हा शब्द वर्तमानपत्रांच्या आणि घरीं राहिलेल्यांच्या फार आवडीचा झाला. खंदकांतले लोक आपसांत 'बोनोम', म्हणजे आपल्या बोलींत 'गडी', असें म्हणत. नांव कोण ठेवतो, यानें एवढा फरक पडतो.

आपल्या मराठा पलटणींतील शिपायास 'गणपत' म्हणतात. नांव घरचें, मायेचें. पण सगळेच गणपत झाले म्हणजे एकेकटा माणूस दिसेनासा होतो. म्हणून दोघांचीं पुरीं नांवें सांगतों. नाईक यशवंत घाडगे: जुलै १९४४, इटलींतील टायबर नदीचें खोरें, तुकडींतले बाकी सारे मेले किंवा जखमी झाले असतां मशीनगनच्या ठाण्यावर एकट्यानें तुटून पडले. शिपाई नामदेव जाधव: एप्रिल १९४५, सेनियो नदी, भर गोळीबारांत दोन जखमी सोबत्यांस खोल पाण्यांतून सुरक्षित जागीं पोंचविलें. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव गांवीं परतले. घाडगे ठाणें घेतल्यावर तेथेंच गोळी लागून पडले.