जुन्या नाण्यांचा संग्रह : सुरुवात घरातल्या डब्यापासून

निकाहनाम्यात मेहरच्या रकमेसोबत ‘सिक्का राइजुल वक्त’ लिहिण्याची पद्धत आपल्याकडे आहे. म्हणजे त्या वेळी चलनात असलेले नाणे. चलनातून गेलेल्या नाण्याचे पुढे काय होते, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. ते दादीच्या पेटीत पडून राहते आणि एक दिवस सराफाकडे वजनावर जाते. चांदीचे पैसे मिळतात. पण त्यावर नाव कुणाचे होते, टांकसाळ कुठली होती, हे सगळे भट्टीत वितळते.

नाणी जमवणे हा फक्त पैसेवाल्यांचा शौक आहे, असं नाही. आपल्या भागातल्या जुन्या नाण्यांवर बहुतेक फारसी किंवा नागरी अक्षरे असतात. ज्याला उर्दू आणि मराठी दोन्ही वाचता येतात, त्याच्याकडे अर्धे भांडवल आधीच आहे.

विविधता शेजारीच आहे

मीरा रोडच्या एकाच इमारतीत कोकण, मराठवाडा, कच्छ आणि उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे राहतात. प्रत्येकाच्या गावाचे नाणे वेगळे होते. संग्रहाची यादी इथूनच करता येते.

*कोकण-मुंबई :* घोडबंदरचा पोर्तुगीज किल्ला आपल्याच महापालिकेच्या हद्दीत आहे. खाडीपलीकडची वसई १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकली. म्हणून इथल्या संग्रहात गुजरात सलतनतीची, पोर्तुगीजांची आणि मराठ्यांची अशी तिन्ही नाणी शोभतात. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातल्या तांब्याच्या पैशावर तराजू आहे आणि पारड्यांमध्ये ‘अद्ल’, म्हणजे न्याय, हा शब्द आहे.

*मराठवाडा :* निजामाचा हाली सिक्का. त्यावर चारमिनार आहे आणि मधल्या कमानीत एक अक्षर. ‘मीम’ असेल तर महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खान.

*कच्छ :* चांदीची कोरी. तिच्यावर ब्रिटिश राजाराणीचे नावही फारसी लिपीत सापडते.

*उत्तर प्रदेश :* लखनौचा ‘मछलीदार’ रुपया. त्यावर अवधची ओळख असलेला मासा असतो.

*म्हैसूर :* टिपू सुलतानचा हत्तीवाला तांब्याचा पैसा. टिपूने पुढे मौलूदी सन सुरू केला. त्या नाण्यांवर सालाचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचावे लागतात.

*ब्रिटिश राज :* नवशिक्यासाठी हा सगळ्यात सोपा विभाग. रुपया, आणे, पै, १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा, असा एकेक नमुना घेत जावे. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाली आणि १९१२ मध्ये नक्षी बदलावी लागली.

नाणे वाचायचे कसे?

फारसी नाण्यावर साधारण चार गोष्टी शोधायच्या : बादशहाचे नाव, ‘जर्ब’ या शब्दाशेजारी टांकसाळीचे गाव, ‘जुलूस’ या शब्दाशेजारी राज्यारोहणाचे वर्ष आणि हिजरी साल. छाप नाण्यापेक्षा मोठा असल्याने अर्धी अक्षरे बाहेर गेलेली असतात. तेव्हा दोन-तीन नाणी शेजारी ठेवून वाचा.

हिजरी सालाचे इसवी साल काढण्याचा सोपा हिशेब असा : सालातून शेकडा तीन वजा करा आणि ६२२ मिळवा. १३३० मधून ४० गेले, १२९०; त्यात ६२२ मिळवले की १९१२. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो.

एक मोठी सावधगिरी : नाण्यावर नाव ज्याचे, नाणे त्याचेच, असं समजू नका. शाहआलम दुसरा १८०६ मध्ये वारला, तरी कंपनी त्याच्या नावाने रुपये पाडत राहिली. पुण्याच्या अंकुशी रुपयावरही फारसी अक्षरे आणि मोगल बादशहाचे नाव आहे. मराठ्यांची खूण म्हणजे त्यावरचा अंकुश. लोकांचा विश्वास ज्या नाण्यावर, त्याच छापाचे नाणे बाजारात चालायचे. कंपनीने १८३५ मध्ये राजाच्या चेहऱ्याचा एकसारखा रुपया आणला, तरी त्यावर ‘यक रुपिया’ फारसीत ठेवलेच. हिंदू-मुस्लिम इतिहासाचे सरळ दोन तुकडे करणाऱ्याला अशी नाणी हातात द्यावीत.

खरे की खोटे?

आधी पाहा, मग घ्या. मीरा रोड किंवा भाईंदरहून चर्चगेट गाठले की फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता मार्गावर रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. तिथे डोळा तयार झाल्यावरच चोरबाजार किंवा फोर्टच्या फुटपाथकडे वळा.

• छोटा वजनकाटा आणि भिंग घ्या. ब्रिटिश रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. १९४० पर्यंत त्यात सुमारे ९२ टक्के चांदी होती, त्यानंतर ५० टक्के.
• कडेवर जोड किंवा पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसले, तर नाणे साच्यात ओतलेले असण्याची शक्यता मोठी.
• ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे लिहिलेली देवदेवतांची नाणी कंपनीची नाहीत. ती नंतर बनवलेली टोकने आहेत.
• जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी फी भरा, असा फोन आला तर कट करा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याबद्दल लोकांना सावध केले आहे.

सांभाळणे आणि कायदा

चिंच, लिंबू, राख, पितांबरी काही लावू नका. घासलेल्या नाण्याची किंमत पडते, अक्षरे झिजतात. नाणे कडेने धरा. आपल्याकडची हवा खाडीची, दमट. म्हणून प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांनी नाण्यावर हिरवट थर चढतो. पाकिटावर नाव, साल, वजन आणि नाणे कुणाकडून आले, ते लिहा. ही नोंद नसेल तर पुढच्या पिढीला ते पुन्हा भंगारच वाटेल.

पाया खणताना किंवा शेतात नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. दुबई-सौदीच्या नातेवाइकांना भेट म्हणून असे नाणे देऊ नका. चांदीची नाणी साठली असतील, तर जकातीच्या हिशेबाबद्दल आपल्या आलिमांना विचारा.

सुरुवातीला दहा नाणी पुरेत, पण दहाही वाचलेली असावीत. आणि घरातला डबा सराफाकडे जाण्याआधी एकदा मुलांसमोर उघडा. उर्दू शाळेतल्या सहावीच्या मुलाला ‘जर्ब’ हा शब्द शोधता येतो.