रिसीव्हर नेमका कुणाचा?

'कोर्ट रिसीव्हर' हा शब्द मुंबईकरांना नवा नाही. मालमत्तेचा वाद चालू असताना न्यायालय ती सांभाळायला माणूस नेमते आणि तो न्यायालयाला हिशेब देतो. इंग्लंडमध्ये मात्र आणखी एक रिसीव्हर आहे. त्याला न्यायालय नेमत नाही, कर्ज देणारा नेमतो. आणि कायदा म्हणतो, तो कर्जदाराचा एजंट!

ही युक्ती जुनी आहे. गहाण घर धनकोने स्वतः ताब्यात घेतले, तर भाड्याच्या पै-पैचा कडक हिशेब त्याच्या गळ्यात पडे. जे भाडे वसूल व्हायला हवे होते पण झाले नाही, त्याचाही जाब द्यावा लागे. मग धनकोंनी वाट काढली. वसुलीला माणूस आपला, पण कागदावर तो कर्जदाराचा. आधी हे करारात लिहून घेत, पुढे 1860 आणि 1881 च्या कायद्यांनी त्याला आधार दिला. 1925 च्या 'लॉ ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट'चे कलम 109 सांगते की करारात वेगळे काही नसेल, तर रिसीव्हरच्या चुकांना एकटा कर्जदार जबाबदार.

मालक न्यायालयात भांडले. 1999 च्या मेडफोर्थ खटल्यात कर्जदार वराहपालक होता. पशुखाद्यावर घाऊक सूट मिळते, ती मागा, असे तो रिसीव्हरना वारंवार सांगत होता. त्यांनी ऐकले नाही. न्यायालय म्हणाले, धंदा चालवायला घेतला असेल तर तो योग्य काळजीने चालवलाच पाहिजे. मालकांच्या बाजूचा हा महत्त्वाचा निकाल.

2003 च्या सिल्व्हन खटल्यात मालकांचे म्हणणे होते, बांधकाम परवानगी मिळेपर्यंत थांबला असता तर किंमत जास्त आली असती. न्यायालयाने सांगितले, थांबणे रिसीव्हरवर बंधनकारक नाही. 2008 च्या हॉर्शम खटल्यात तर रिसीव्हरनी न्यायालयाचा आदेश न घेताच घर लिलावात विकले होते. मानवी हक्कांचा मुद्दा उपस्थित झाला, पण तो टिकला नाही.

घरमालकांच्या या भांडणाशी आपला काय संबंध, असे कुणी विचारेल. पहिला संबंध कायद्याचा आहे. हीच रचना 1929 मध्ये आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 69अ म्हणून आली. पुढे 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा आणि त्यावर व्यवस्थापक नेमण्याचा अधिकार दिला. दाद मागायची तर आधी मागणीच्या 75 टक्के रक्कम भरा, अशी अट होती. 2004 मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. बाकीचा कायदा मात्र कायम राहिला.

दुसरा संबंध विचाराचा आहे. नेमणारा एक, नाव दुसऱ्याचे आणि नुकसानही दुसऱ्याचेच. हे आपण कुठे पाहिले? 1932 च्या पुणे करारात राखीव जागेवरचा प्रतिनिधी आपल्यातला असेल असे ठरले. प्राथमिक निवडीत चार उमेदवार आपण ठरवायचे, पण त्यातला कोण जिंकणार हे संयुक्त मतदारसंघातली सवर्ण बहुसंख्या ठरवणार. अशा प्रतिनिधीची निष्ठा कुणाकडे राहील, हा बाबासाहेबांचा सवाल होता. कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, 1982 मध्ये, कांशीराम साहेबांनी याच प्रश्नावर 'चमचा युग' लिहिले. गहाणखत आणि मतदारसंघ एक नव्हेत, हे उघड आहे. पण दोन्हीकडे कसोटी एकच: माणूस कुणाच्या नावाने काम करतो हे विचारू नका, त्याला नेमतो आणि काढतो कोण, हे विचारा.

आज आपली मुले घरासाठी, दुकानासाठी कर्ज काढत आहेत. सही करण्यापूर्वी करार वाचा. सरफेसीखाली नोटीस आली तर 60 दिवसांची मुदत असते. त्या काळात लेखी हरकत घ्या, बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. ताबा घेतला गेला तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. शेतजमिनीवर हा कायदा चालत नाही. मुदत गेली की हक्क कागदावरच राहतो. 'शिका' या आदेशात आपल्याविरुद्ध वापरला जाणारा कायदा शिकणेही येते.

जय भीम!