पार्सनेज डाऊन

दक्षिण इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील खडूच्या माळावरचे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र. क्षेत्रफळ सुमारे २७५ हेक्टर. विंटरबोर्न स्टोक आणि श्रूटन या खेड्यांजवळ, स्टोनहेंजच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर ते आहे. ‘नॅचरल इंग्लंड’ ही सरकारी संस्था त्याची देखभाल करते. सॉल्सबरी मैदानाच्या विशेष संवर्धन क्षेत्रातही त्याचा समावेश आहे. राखीव क्षेत्र म्हटल्यावर माणसाला आणि गुराढोरांना मज्जाव असेल असे वाटते. इथे मात्र गुरे-मेंढ्या पाळूनच माळ राखला जातो.

क्रिटेशस काळातील खडूच्या थरावर येथे मातीचे जेमतेम पातळ पांघरूण आहे. पाणी झिरपून जाते आणि नत्र-स्फुरद फारसे नसते. मातीची ही गरिबी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने आणखी वाढली. विल्टशरमध्ये मेंढ्या दिवसा माळावर चारत आणि रात्री खालच्या शेतात कोंडत. दख्खनमध्ये धनगर शेतात मेंढ्या बसवतात, तोच हा प्रकार. शेताला खत मिळे आणि माळाचा कस थोडा थोडा उतरत जाई. कस नसल्यामुळेच दांडगी गवते येथे माजत नाहीत आणि खुरट्या वनस्पतींना जागा मिळते. चांगल्या खडू-कुरणात एका चौरस मीटरमध्ये वनस्पतींच्या ४० पर्यंत जाती आढळतात. शीप्स फेस्क्यू गवत, सॅलड बर्नेट, रानथाइम, हॉर्सशू व्हेच, ड्रॉपवर्ट ही त्यांतली नेहमीची नावे. पार्सनेज डाऊनचे खास आकर्षण म्हणजे बर्न्ट-टिप ऑर्किड. हे आमर जेमतेम बोटभर उंच. खालची फुले पांढरी, त्यांवर लाल ठिपके. वरच्या न उमललेल्या कळ्या मात्र इतक्या काळपट तांबड्या की तुऱ्याचे टोक जळाल्यासारखे दिसते.

माळावर पिवळ्या मुंग्यांची गवताळ वारुळे जागोजागी दिसतात. नांगर एकदा फिरला की अशी वारुळे सपाट होतात आणि पुन्हा मोठी व्हायला दशके लागतात. म्हणून वारुळांनी भरलेला माळ पाहिला की तो बराच काळ नांगराविना राहिला, हे ओळखावे. तरीही हा माळ अस्पर्श नाही. प्राचीन शेतांचे बांध त्यावर अजून ओळखू येतात. कधीकाळी येथेही धान्य पिकत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील बहुतेक खडू-कुरणे नांगराखाली आली किंवा रासायनिक खतांनी एकसुरी हिरवी झाली. पार्सनेज डाऊन वाचले, कारण तेथील शेतकऱ्याने जुनी रीत सोडली नाही. पुढे हे शेत सरकारी निसर्गसंवर्धन यंत्रणेकडे आले, तेव्हा नांगर व खते दूर ठेवून चराई चालू ठेवण्याचा शहाणपणा तिने दाखवला. चराई बंद झाली तर काय होते याचा धडा १९५३ नंतर मिळालाच होता. मिक्सोमॅटोसिसच्या साथीने ससे मेले आणि ठिकठिकाणचे माळ काटेरी झुडपांखाली गेले.

चराईत जनावरांची निवड महत्त्वाची. मेंढी गवत मुळाशी कुरतडते. गाय जिभेने वेढा घालून ते उपटते, त्यामुळे कुठे आखूड, कुठे झुबके असा उंचसखल गालिचा राहतो. येथे मेंढ्यांबरोबर लांब शिंगांच्या इंग्लिश लाँगहॉर्न गाईही पाळल्या गेल्या. मार्श फ्रिटिलरी हे फुलपाखरू डेव्हिल्स-बिट स्केबियसच्या पानांवर अंडी घालते आणि त्याला असे झुबके हवे असतात. अडोनिस ब्लू या फुलपाखराला मात्र उन्हाने तापणारी, अगदी आखूड चरलेली जमीन लागते. त्याची अळी हॉर्सशू व्हेचवर जगते. तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या तिची राखण करतात. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण. त्यामुळे कोणते रान कधी चारायचे आणि कधी मोकळे ठेवायचे हा रोजच्या नजरेचा प्रश्न आहे. तो ठरावीक वेळापत्रकाने सुटत नाही.

या माळावरचे बी आसपासच्या जुन्या शेतजमिनींवर पेरून नवे कुरण उभारण्यासाठीही वापरले गेले आहे. काम चिवट आहे. सॉल्सबरी मैदानावरील अभ्यासानुसार नांगरलेल्या जमिनीला मूळ कुरणासारखे रूप यायला शंभराहून अधिक वर्षे लागतात.

स्टोनहेंजजवळील ए-३०३ महामार्गासाठी आखलेल्या बोगद्यातून निघणारा खडू राखीव क्षेत्राच्या पूर्वेकडील शेतांवर पसरून त्यावर कुरण तयार करायचे, अशी योजना होती. खडूचा निकस चुरा अशा कुरणाला मानवतो, त्यामुळे कल्पना वाटते तितकी विचित्र नव्हती. स्टोनहेंज परिसरातून रस्ता नेण्यावरून मात्र मोठा वाद झाला. जुलै २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने खर्चाचे कारण देऊन प्रकल्प रद्द केला आणि कुरणाची ती योजनाही त्याबरोबर बारगळली.