टाळेबंदीतील राजुऱ्याची खरेदी

राजुऱ्याचा माणूस लग्नाच्या कापडासाठी वर्धा नदीचा पूल ओलांडून बल्लारपूर-चंद्रपूरला जाई. २५ मार्च २०२० च्या टाळेबंदीने ती वाट खुंटली. आठवडी बाजारही थांबला. ऑनलाइन कंपन्यांनाही एप्रिलअखेरपर्यंत जीवनावश्यक वस्तूंचीच मुभा होती. ४ मेपासून नारिंगी क्षेत्रांत, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातही, इतर वस्तू घरपोच आणण्याची परवानगी मिळाली. पुढे जूनमध्ये शाळा पडद्यावर भरू लागल्या आणि मुलांसाठी मोबाइल अपरिहार्य झाला. एरवी चार दुकाने पालथी घालून, घासाघीस करून घ्यावयाची ही वस्तू अनेकांनी केवळ चित्र पाहून मागविली. किराणा मात्र बहुतांशी गल्लीतल्या दुकानदाराकडेच राहिला : यादी व्हॉट्सअ‍ॅपवर, पिशवी दाराशी. हे स्वाभाविकच होते; रोजंदारी बुडालेल्या घरासाठी उधारीची वही तोच उघडीत असे.